मार्ताबाईंचे मत

हे मी अद्याप कुणालाही सांगितलेले नाही, पत्नीलाही नाही. तुम्हाला का सांगतो आहे, तेही नीट उमगत नाही — कदाचित तुम्ही मार्ताबाईंना ओळखत नाही म्हणून.

मिल्टन कीन्समध्ये त्या आमच्या शेजारी राहत. मूळच्या कोस्टा रिकाच्या, निवृत्त शिक्षिका, वय सत्त्याहत्तर. साठीजवळ येऊन मी स्पॅनिश शिकायला घेतली, ती त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी. मी मुळातच कमी बोलतो. त्या म्हणत, "गुप्त मतदान तुझ्यासाठीच शोधून काढलंय. तू कुणाला मत दिलंस, ते मतपेटीलासुद्धा कळायचं नाही."

निवडणूक हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. त्यांच्या देशात दर चार वर्षांनी, फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मतदान होते. कुणालाच चाळीस टक्के मते मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत एप्रिलमध्ये दुसरी फेरी. परदेशातल्या नागरिकांना वकिलातीत मत देता येते. मात्र त्यासाठी गावच्या मतदारयादीतले नाव लंडनच्या यादीत हलवून घ्यावे लागते, आणि मतदानाच्या चार महिने आधी ती यादी बंद होते. इंग्रज नवऱ्याच्या आजारपणात त्यांच्या दोन निवडणुका हुकल्या होत्या. ही आपली शेवटची, असे त्या सहज म्हणत.

सप्टेंबरमध्ये त्यांनी भरलेला अर्ज माझ्या हातात दिला. मी आयटीतला, स्कॅन करून ईमेलने पाठवायचा, एवढेच काम. दोन दिवसांनी कुंपणापलीकडून त्यांनी विचारले — झाले का? झाले नव्हते. मी हो म्हणालो. त्याच संध्याकाळी पाठवलाही. तेवढ्यावर निभावले असते, नाही का? पण आठवड्याने उत्तर आले: ओळखपत्राच्या दोन्ही बाजूंची प्रत जोडावी. म्हणजे त्यांच्याकडे कार्ड मागायचे — म्हणजे काम झालेले नाही, हे सांगायचे. उद्या सांगू, असे ठरवले. असे बरेच उद्या गेले. यादी बंद झाली. मी शिकवणीला जात राहिलो. त्या एकेका उमेदवाराचा जाहीरनामा माझ्याकडून वाचून घेत राहिल्या.

मतदानाच्या रविवारी त्यांची मुलगी एलेना साउथहॅम्प्टनहून गाडी घेऊन आली. मलाही चला म्हणाली. मी का गेलो? नाही म्हणायला कारण द्यावे लागले असते.

वकिलातीत यादी दोनदा तपासली गेली. नाव नव्हते. तिथल्या तरुणीने नम्रपणे सांगितले, की दुसरी फेरी झाली तरी यादी हीच राहील. मार्ताबाईंनी पुढे केलेले ओळखपत्र पुन्हा पर्समध्ये ठेवले. त्यांना ती बंद करता येईना.

बाहेर फुटपाथवर एलेनाने मला विचारले, "तुम्ही फॉर्म पाठवला होता ना?"

इथवर मी केवळ भित्रा होतो, असे म्हणता आले असते.

"त्यांनी माझ्याकडे दिलाच नव्हता," मी म्हणालो.

मार्ताबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. त्या रागावल्या नव्हत्या — त्या आठवत होत्या. तो दिवस, तो कागद, कुणाच्या हातात दिला ते. एकेक जागा पुन्हा चाचपत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "असेल. हल्ली माझं काही खरं नाही."

त्या दिवसापासून एलेना आईच्या विसरण्याच्या खुणा शोधू लागली. सत्त्याहत्तराव्या वर्षी कुणाच्या सापडणार नाहीत? गॅसवरचे दूध, हुकलेली अपॉइंटमेंट. उन्हाळ्यापर्यंत घर विकायचे ठरले, आणि मार्ताबाईंनी साउथहॅम्प्टनला मुलीकडे जायचे. त्यांची पत्रे, औषधे, सह्या — सारे आता एलेना पाहते. सामान खोक्यांत भरायला मी दोन शनिवार गेलो. एलेनाने माझे मनापासून आभार मानले.

निघताना मार्ताबाईंनी माझा हात हातात घेतला. "त्या दिवशी मला वाटलं, तूच खोटं बोलतोयस," त्या म्हणाल्या. "मनात आलं खरं. माफ कर मला."

"जाऊ द्या," मी म्हणालो. आणि त्यांना माफ केले.