पट्टे सोडल्यानंतरची प्रार्थना

शहाद्यात ज्या बाबांकडे मी स्वयंपाकाला जाते, ते ज्यू आहेत. मूळचे कोकणातले. साखर कारखान्यात नोकरीला आले आणि इथेच राहिले. बायको वारली, मुलगी ठाण्याला असते. दिवसातून तीनदा ते प्रार्थना करतात, सकाळी, सूर्य बुडायच्या आत आणि अंधार पडल्यावर. सकाळी डाव्या दंडावर आणि कपाळावर काळ्या चामड्याच्या डब्या पट्ट्यांनी बांधतात. मधेच पाय जोडून, मावळतीकडे तोंड करून, नुसते ओठ हलवत उभे राहतात. कामाला लागले त्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "मी असा उभा असलो की हाक मारायची नाही. पायाशी साप आला तरी मी हलणार नाही." मी मान हलवली. मला तशीही कुणाला हाक मारायची सवय नाही.

त्यांचं शुगरचं इंजेक्शन मीच देत असे. नर्सबाईंनी शिकवलं होतं, टोचलं की लगेच खायला द्यायचं, नाहीतर साखर एकदम उतरून माणूस जाऊ शकतो. बाबा पट्टे सोडत, दंड उघडाच असे, मी टोचत असे आणि ते सरळ जेवायला येत. वीसेक दिवस असंच चाललं.

मग एका सकाळी म्हणाले, "आज आमचा नवा महिना. कपडे धुऊ नकोस, आज बायकांना सुटी." मला हसू आलं. त्या दिवशी त्यांनी पुष्कळ स्तोत्रं म्हटली, फार उशीर झाला. शेवटी पट्टे सोडले. मी सुई घेऊन गेले, त्यांनी सवयीने हात पुढे केला. भाकरी वाढून वळते तर ते पुस्तक घेऊन पुन्हा पाय जोडून उभे!

नव्या महिन्याला एक जास्तीची प्रार्थना असते आणि ती पट्टे काढूनच म्हणतात, हे मला कुठे माहीत.

ताट हातात धरून मी दारात उभी राहिले. भाकरी गार झाली. त्यांच्या मानेवर घाम दिसला. पुस्तक थरथरायला लागलं. हाक मारली तर देवाचा कोप, नाही मारली तर माणूस माझ्या हाताने मरणार. ओट्याशी जाऊन मी त्यांच्या मुलीला फोन लावला.

"ताई, बाबा परत प्रार्थनाले उभा राही ग्यात. मी सुई टोची दिन्ही."

"खाल्लं का त्यांनी?"

"नही."

"अगं मग साखर घाल तोंडात! ओढ त्यांना, काहीही कर. देवाचं मी बघते!"

पेल्यात साखर ढवळून मी धावले. दंड धरला तर ओला आणि गार. "बाबा, बठा! खाले बठा!" एवढ्या मोठ्यांदा मी आजवर कधी ओरडले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ओळखलं नाही. गुडघे वाकले. भिंतीला टेकवून मी त्यांना बसवलं आणि पेला ओठांना लावला. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. एक घोट गेला, मग दुसरा. खाली पडलेलं पुस्तक उचलायचंही मला भ्या वाटलं.

बऱ्याच वेळाने ते पुटपुटले, "किती साखर घातलीस गं? लग्नातलं सरबत आहे का?"

मला रडू फुटलं. "बाबा, तुमची प्रार्थना मोडली मी."

"जीव वाचवायला आम्ही शनिवारचा पवित्र विसावासुद्धा मोडतो. ही दिवसभरात केव्हाही म्हणता येते. भाकरी आण."

जेवून, बरं वाटल्यावर ते ती प्रार्थना पहिल्यापासून म्हणायला उठले. बसून म्हणा म्हटलं, तर ऐकेनात. मी खुर्ची उचलून त्यांच्या मागे ठेवली आणि ती बाजूने घट्ट धरून उभी राहिले. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, तोवरच मला श्वास घेता येत होता.