शिकागोच्या पानांना गेरू

हातातलं काम ठेव बाई बाजूला आणि फोनवर नीट ऐक. तुझं वॉलॉंगॉंग म्हणजे काही सातासमुद्रापार नाही, तिथून ट्रेनने येता येतं. तीन महिने "नेक्स्ट वीकेंड, आई" ऐकतेय मी. बरं, तू यायच्या आधी एक सांगून टाकते, कारण त्यापायी मला एका जागी बसवत नाही.

तुझ्या फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून शिकागोहून आणलेला तो मातीचा ठोकळा तू माझ्याकडे, इथे गिरावीनच्या घरी ठेवलास. तिथली जुनी ऑफिसांची बिल्डिंग पाडली, तिच्या दरवाजाच्या माथ्यावरचा हा नक्षीचा तुकडा. भाजलेल्या मातीची वळणदार पानं, मागून पोकळ. माझं लोणचं एअरपोर्टवर टाकायला लावलं, हा मात्र कंटेनरमधून आरामात आला. एका पानाच्या कडेला बोटाचा ठसा होता. "आई, शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिराचं बोट," म्हणालीस, आणि त्यावर आपलं बोट ठेवून कितीतरी वेळ उभी राहिलीस.

तर तुळशीच्या लग्नाला मी कुंडीला गेरू दिला. वाटीत थोडा उरला. ओतून द्यायला जीव होईना. शेजारीच तुझा ठोकळा, फिकट, धुरकट. दिला हात फिरवून. तुझे बाबा चहा घेऊन बाहेर आले, बघितलं आणि म्हणाले, "झालं. अमेरिकेला हळद लागली." मी हसले. मग ठसा शोधायला गेले, तर सापडेना.

मातीच ती, प्यायली रंग. काथ्याने घासायला घेतलं, दोन हात मारले तोच बाबांनी मनगट धरलं. मग जुन्या घरांची दारं, कौलं विकणारा एक म्हातारा आहे, त्याच्याकडे गाडीत घालून नेला. तो म्हणाला, "नो वरीज. पण ब्रश मऊ, पाणी साधं, ॲसिड नाही. थोडा लाल राहीलच."

आठ दिवस झाले, बसतेय, उठतेय, परत जाऊन बघतेय. बाकीची पानं झाली. ठशाचं पान तेवढं राहिलंय. पाचदा ब्रश भिजवला आणि ठेवून दिला. ठसा गेरूखाली आहे की काथ्याच्या त्या दोन हातांत घासून गेला, कळत नाही.

तूच ये. रागवायचं ते इथे येऊन रागव, पण आधी जेव. ब्रश वाटीतच ठेवलाय. या रविवारी ये.