भोंग्याची रंगीत तालीम

इमारतीतले लोक तिला पाठीमागे ‘भोंगा’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि त्याने तिचं काही बिघडत नव्हतं.

ती जाड कापडाच्या पिशव्या शिवायची. आधीच्या कारखान्याला आग लागली तेव्हा मागच्या दाराला कुलूप होतं. चोरीच्या भीतीने लावलं होतं, असं मालक नंतर म्हणाला. ती खिडकीतून उडी टाकून वाचली, पाय मात्र मोडला. शेजारच्या मशीनवरची मैत्रीण, आपला डबा कधी एकटीने न खाणारी बाई, आतच राहिली. भेटायला आलेल्यांनी नशिबाचा खेळ म्हणत समजूत घातली. त्यावर ती एवढंच म्हणाली, की कुलूप नशिबाने नव्हतं लावलं, माणसाने लावलं होतं.

पाय सांधला तशी ती घरच्यांच्या मागे लागली. घर चौथ्या मजल्यावर. नवरा टेम्पो चालवायचा, दिवसभर बाहेर. घरी असायच्या त्या कॉलेजात जाणारी लेक आणि सासूबाई. खुब्याचं हाड मोडल्यापासून सासूबाईंना जिना परका झाला होता. तिने औषधं, कागदपत्रं, बॅटरी असं सगळं एका पिशवीत भरून दाराशी टांगलं. गॅस कुठून बंद करायचा, धुरात जमिनीलगत कसं सरकायचं, हे सगळ्यांकडून घोटून घेतलं. मग उरल्यासुरल्या कापडाची एक भक्कम झोळी शिवली, दप्तरासारखे पट्टे असलेली. सासूबाईंना तीत बसवायचं, पाठीवर घ्यायचं आणि खाली उतरायचं.

सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. मी काय बटाट्याचं पोतं आहे का, म्हणाल्या, आणि बोलणंच टाकलं. पण सून हटली नाही.

“आई, बोलू नका माझ्याशी, चालेल. पण झोळीत बसा.”

रविवारी सकाळी रंगीत तालीम व्हायची. कधी ती, कधी लेक सासूबाईंना घेऊन उतरायची, आणि शेजारी दारं किलकिली करून फिदीफिदी हसायचे. नणंदेने एकदा हे पाहिलं आणि माझ्या आईचा तमाशा मांडलास म्हणत तणतणत निघून गेली. लेक लाजेने अर्धी व्हायची. तिला आईचं एकच सांगणं असे: लाज वाटली तर वाटू दे, पट्टा तेवढा घट्ट ओढ.

घोडं अडलं मागच्या जिन्यापाशी. तळाला लोखंडी दार, दाराला कुलूप, किल्ली सेक्रेटरीच्या खिशात. ती किल्ली मागायला गेली, तर तो म्हणाला चोर शिरतात. तेच कारण पुन्हा ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्याच दिवशी तिने कटर आणला आणि सगळ्यांच्या देखत कुलूप कापलं. त्याने नवं लावलं. तिने तेही कापलं. मग तो पोलिसांची भाषा करत वर आला.

“बोलवा,” ती दारातच उभी राहून म्हणाली. “चोर आला तर सायकल नेईल. दार बंद राहिलं तर माणसं जातील. तुम्ही कुलपं लावत बसा, मी कापत बसते. बघू कोण आधी दमतं.”

दमला तो.

पुढे एका दुपारी तळमजल्यावरच्या गाद्यांच्या दुकानाने पेट घेतला आणि पुढचा जिना धुराने भरून गेला. ती कामावर होती. निरोप मिळताच हातातली पिशवी टाकून धावत सुटली. वाटेभर तिला एकच दिसत होतं: आगीत आतच राहिलेली ती मैत्रीण.

रस्त्यावर पोचली तर सासूबाई फुटपाथवर बसलेल्या, अजून झोळीत अडकलेल्या, आणि लेक बाजूला गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होती. नातीच्या पाठीवरून उतरताना सासूबाईंनी हातातल्या काठीने प्रत्येक मजल्यावरची दारं बडवली होती आणि असेल नसेल त्या आवाजाने मागच्या जिन्याने चला म्हणून ओरडल्या होत्या. कालपर्यंत हसणारे सगळे त्यांच्या मागून उतरले होते. कुणालाही इजा झाली नव्हती.

तिने लेकीला जवळ ओढलं. तिच्या खांद्यांवर उमटलेले पट्ट्यांचे वळ हाताने चोळले.

कुणीतरी म्हणालं, दैव बलवत्तर म्हणून वाचलो.

“दैव?” सासूबाई कडाडल्या. “माझ्या नातीचे खांदे बघ आधी.”

घर धुराने काळंठिक्कर पडलं होतं, दुरुस्तीला वेळ लागणार होता. तोवर सगळे नणंदेकडे राहायला गेले. नणंदेने पुढे केलेलं पाणी ती प्यायली, पेला खाली ठेवला आणि विचारलं, की इथला गॅस कुठून बंद होतो, आणि या कपाटामागची खिडकी उघडते का. नणंदेचा चेहरा पडला. आता माझ्याही घरात हे सुरू नको, असं ती पुटपुटली.

“कपाट सरकव,” सोफ्यावरून सासूबाई म्हणाल्या. “आणि ती काय विचारतेय ते नीट सांग तिला.”