काकांचा हँडब्रेक

कुणाविषयी लिहावं एवढा मी मोठा नाही, आणि काकांविषयी लिहिण्याचा हक्क तर मी स्वतःच्या हाताने घालवला आहे. तरी लिहितो, राग मानू नये. माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, यांच्याइतका एका जागी बसून राहिलेला माणूस लालबाग ते गिरगाव या पट्ट्यात दुसरा सापडणार नाही. आणि तोही ताशी दोनशे चाळीसपर्यंत काटा जाणाऱ्या गाडीत. गाडी लाल, दोन दारांची, बाहेरदेशाहून आणलेली, माझ्यापेक्षा वयाने दहा वर्षं मोठी. तिला सगळं होतं. फक्त हँडब्रेक नव्हता. म्हणजे दांडा होता, तो वर-खाली होत असे, पण त्याचा चाकांशी काही संबंध उरला नव्हता. त्यामुळे गाडी उभी केली की काका ब्रेकवर पाय ठेवून आतच बसून राहत.

गाडी मूळची गिरगावातल्या एका डॉक्टरांची. काका त्यांच्याकडे तीस वर्षं ड्रायव्हर होते, पण ते दुसऱ्या, साध्या गाडीवर. ही लाल गाडी डॉक्टर रविवारी सकाळी स्वतः चालवत आणि काका शेजारी बसत. डॉक्टर म्हातारपणी मुलीकडे परदेशात राहायला गेले तेव्हा ‘ही तुमच्याकडेच जगेल’ असं म्हणून त्यांनी गाडी रीतसर काकांच्या नावावर करून दिली. काकांनी ते वाक्य फार मनावर घेतलं. चाळीच्या आवारात गाडीवर ताडपत्री असे आणि ताडपत्रीखाली मावशीची जुनी नऊवारी, कारण ताडपत्री रंगाला खरखरीत लागते. महिन्यातून दोनदा ती बाहेर निघे आणि चाळीसच्या पुढे जात नसे. एकदा परळच्या पुलावर गॅसचे सिलिंडर लादलेल्या सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं. काका म्हणाले, “जाऊ दे रे. त्याला घाई आहे.” काकांना स्वतःला घाई कधीच नसे.

गाडी गिअरमध्ये टाकून उतरावं, असं त्यांना अनेकांनी सांगून पाहिलं. काका म्हणत, “दावणीला न बांधता बैलाचे दात धरून उभं राहायचं, तसलं आहे ते. गिअरबॉक्स दुखतो.” मग माझ्या मावसबहिणीचा साखरपुडा दादरला झाला तेव्हा मुलीचे वडील हॉलबाहेर गाडीतच बसले. भटजींनी अक्षता बाहेर पाठवल्या. व्याही येऊन खिडकीतून गळाभेट करून गेले. ताट आत आलं, श्रीखंड संपल्यावर वाटी परत भरून आली. फोटोतही सगळे गाडीच्या दाराशी ओळीने उभे आहेत आणि मधे खिडकीत काकांचा चेहरा आहे. त्यांच्या खिशात एक काचेची गोटी असे. कुठेही थांबायचं तर आधी खाली उतरून कुणीतरी ती रस्त्यावर ठेवायची. घरंगळली तर पुढे जायचं. याच मुलीचं स्थळ बघायला बसने गेलो होतो तेव्हा काकांनी सवयीने गोटी मुलाच्या घरच्या फरशीवर ठेवली होती. ती सरळ बाल्कनीत गेली. “घर उताराचं आहे,” काका म्हणाले, आणि मावशीने पुढची पंधरा मिनिटं नुसतं हसून वेळ सांभाळली. मावशीची तक्रार वेगळी होती. चाळीत चाकाखाली तिचा वरवंटा लागत असे. “माझो वरवंटो टायराखाली,” ती येईल-जाईल त्याला सांगे, “आणि मी वाटप मिक्सरात करतंय. कोण म्हणता घरात बाईमाणूस एकच आसा?”

हे असंच चाललं असतं. पण गाडीच्या नोंदणीची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं मिळवायला ती आरटीओत तपासणीला न्यावी लागली. मीही बरोबर होतो. साहेबांनी विचारलं, “हँडब्रेक?”

“पाय आहे ना, साहेब.”

“काका, आम्ही गाडी पास करतो. पाय नाही करत.”

तीन महिन्यांत दुरुस्त करून आणा, नाहीतर भंगारात द्यावी लागेल, असं त्यांनी सांगितलं. तेही वाईट वाटल्यासारखं, गाडीच्या टपावर हात ठेवून. परत येताना आम्ही भायखळ्याला एका मेकॅनिककडे थांबलो तर तो म्हणाला, “हँडब्रेक को मारो गोली काका, ईंट रखने का. मुंबई में ईंट की कमी है क्या?” काकांनी तिथेच ठरवलं की हे काम आपण स्वतः करायचं. आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “डॉक्टरांनी दिलेलं गाडीचं इंग्रजी पुस्तक आहे आपल्याकडे. आणि वाचायला तू आहेस.”

इथून पुढचं लिहायला जड जातं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. महापालिकेच्या मराठी शाळेतून शिकून इंजिनिअरिंगला लागलो, दुसरं वर्ष चालू आहे. आमच्या चाळीत आणि मावशीच्याही चाळीत कुठलाही इंग्रजी कागद आला की माझ्याकडे येतो. रक्ताचा रिपोर्ट, बँकेचं पत्र, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी. अर्ध्या वेळा मला नीट कळत नाही. पण समोरचा माणूस इतक्या विश्वासाने बघत असतो, आणि माझे वडील शेजारी इतके ताठ बसलेले असतात, की ‘कळलं नाही’ हे दोन शब्द माझ्या तोंडातून आजवर निघालेले नाहीत.

डॉक्टरांचं पुस्तक चार बोटं जाड होतं. सलग पाच रविवार मी आवारात स्टुलावर बसून वाचत असे आणि काका चाकाशी मांडी घालून ऐकत. मागच्या दोन्ही चाकांच्या ब्रेकवर एक छोटी लोखंडी पट्टी असते; हँडब्रेक ओढला की केबल ती पट्टी ओढते आणि ब्रेक आवळला जातो. त्या दोन्ही पट्ट्या गंजून घट्ट बसल्या होत्या. काकांनी त्या रॉकेलमध्ये बुडवून ठेवल्या, दात घासायच्या ब्रशने साफ केल्या, देवाच्या भांड्यांसारख्या फडक्यावर मांडल्या. केबल नवी करून घेतली. चित्रं होती तोवर माझं निभावलं. मग केबल ताणायचं पान आलं. त्यात चौकटीत आठ-नऊ ओळींचा मजकूर होता. त्यातले शब्द सुटे सुटे कळत होते, पण वाक्य जुळत नव्हतं. मी दोनदा वाचलं.

“काय म्हणतंय?” काकांनी विचारलं.

“काही नाही काका. सावधगिरीच्या सूचना आहेत. डोळ्याला चष्मा लावा, हात धुवा, असलं.”

काकांनी मान डोलावली, हात पुसले, वर गेले आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मावशीला मिळालेला मोठा काळा चष्मा घालून खाली आले. पुस्तकात सांगितलं आहे म्हटल्यावर त्यांनी तो दिवसभर काढला नाही. भर दुपारी गाडीखाली आडवे पडून, काळ्या चष्म्यात काही दिसत नसताना, ते चाचपडत केबलचा नट आवळत होते. सगळी चाळ हसत होती. मीही हसलो.

हँडब्रेक लागला. काका आयुष्यात पहिल्यांदा गाडी रस्त्यावर उभी सोडून पानाच्या दुकानापर्यंत चालत गेले, तिथून वळून गाडीकडे बघत उभे राहिले आणि पान न घेताच परत आले. मावशीने वडे-सागोती केली. पुढच्या आठवड्यात आम्ही तपासणीला गेलो. साहेबांनी गाडी चढावर लावायला सांगितली. “ब्रेक ओढा आणि उतरा.” काका उतरले, दार हळू लावलं. दोन श्वास गाडी थांबली आणि मग अगदी सावकाश, आपल्याला कुणी बघत नाहीये ना अशा बेताने, मागे निघाली. काका धावले नाहीत. मागे जाऊन त्यांनी तिला पाठ लावली, तळवे मागे टेकवले आणि चपला घासत घासत “सांभाळून, बाय, सांभाळून,” म्हणत तिच्याबरोबर खाली आले. चौघांनी मिळून ती थांबवली. साहेबांनी एकच तारीख आणखी दिली, आणि ती शेवटची, असं सांगितलं.

परतताना काका म्हणाले, “माझाच हात कच्चा. पुस्तक चुकायचं नाही, आणि तू तर वाचून दाखवलंस.”



दुसऱ्या दिवशी मी त्या पानाचा फोटो आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या सरांना दाखवला. त्यांनी दोन मिनिटांत, मराठीत सांगितलं. केबल आधी ताणायची नाही. ती सैल सोडून ब्रेकचं पेडल पुष्कळ वेळा दाबायचं, म्हणजे ब्रेक आतल्या आत चाकाच्या जवळ येऊन बसतो. ती पट्टी पूर्ण मागे टेकली आहे हे बघायचं आणि केबल सगळ्यात शेवटी, जेमतेम ताणायची. आधीच ताणली तर ब्रेक लांबच राहतो आणि चढावर दगा देतो. सगळं त्या चौकटीत लिहिलेलं होतं. काका सगळं बरोबर करत होते. चुकीचा त्यात फक्त मी होतो.

मी ते शुद्ध मराठीत एका कागदावर लिहून काढलं. मावशीच्या चाळीच्या जिन्यापर्यंत तीनदा गेलो. एकदा वरून काकांचा आवाज ऐकू आला, ते कुणाला तरी सांगत होते, “आमच्या पोराची इंग्रजी म्हणजे काय विचारू नका.” मी परत फिरलो. मग परीक्षेचं निमित्त काढून जाणंच बंद केलं. तारीख जवळ येत होती आणि कागद माझ्या दप्तरात होता. एवढा साधा कागद देता येईना, कारण तो दिला की आधीचं सगळं सांगावं लागणार होतं. काका मराठी सावकाश वाचतात, ओळीखाली बोट सरकवत. तोंडाने जमत नाही तर सगळंच लिहून द्यावं, माफीसकट, असं ठरवून इथवरचं लिहून ठेवलं होतं.

काल दुपारी मी कॉलेजात असताना मावशीचा फोन आला.

“गाडी पास झाली रे. पाच वर्सां. चढावर धा मिनटां उभी होती, हलूक नाय. साहेब स्वतः ढकलून बघी होते.”

मी विचारलं, कशी काय?

“ह्येंनी डॉक्टरांका फोन लावल्यानी, तो चेहरो दिसता तसलो. पुस्तक दाखवल्यानी. डॉक्टर थयसून वाचीत होते आणि हे हयसून पेडल दाबी होते. डॉक्टरांनी विचारल्यानी, अहो, ह्यां पान आधी कोणी वाचलेला? तर हे म्हणतत, मीच वाचलंय, घाईत होतंय.” मावशीला हसू आवरत नव्हतं. “आता तूच सांग. ह्येंका इंग्रजी येता काय? आणि ह्येंका कधी घाई असता काय?”