नाव घ्या की, सिस्टर

तांब्या डोक्यात बसला तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं असेल? टाके. चार, फार तर पाच. सोळा वर्षं नर्सची नोकरी केल्यावर डोकं असंच चालतं, रक्त स्वतःचं असलं तरी हात आधी जखमेची लांबी बघतो. मंग दुखलं. आणि मंग मला असा राग आला, असा राग आला, की बाप रे बाप.

पण तांब्यावर यायच्या आधी कार्डाचं सांगते, न्हाईतर तुम्ही म्हणाल या बाईला सुरुवात कुठून करायची तेच कळत न्हाई.

मी परतूरच्या दवाखान्यात नर्स. पगाराचं खातं बघून बँकेनं आपणहून क्रेडिट कार्ड गळ्यात मारलं होतं. त्यावर एकदा फ्रीज घेतला, बाकी ते पर्समध्ये पडून. त्या दिवशी सकाळपासून मी बाळंतिणींच्या वार्डात होते, मोबाईल पिशवीत. दुपारी डबा उघडला आणि बघते तर एकामागं एक तीन मेसेज. गावातल्याच एटीएममधून, माझ्या क्रेडिट कार्डावर, तीनदा रोख काढलेली. तिन्ही मिळून माझा दीड पगार. पर्स उघडली. कार्डाचं पाकीट होतं, कार्ड न्हाई.

"मुडदा बसवला त्याचा!" मी एवढ्यानं ओरडले की दोन बाळं जागी झाली. आमच्या वार्डातल्या आयाबाई, त्यांना सगळे खाला म्हणतात, धावत आल्या. घरात त्यांची उर्दू, आमच्याशी जसं येईल तसं.

"जल्दी बंद कर कार्ड, बेटी. रोना बाद में."

"मी रडून न्हाई राह्यले खाला, मी शिव्या देऊन राह्यले."

कार्ड बंद करायला फोन लावला. मराठीसाठी हे दाबा, तक्रारीसाठी ते दाबा. एवढ्या वेळात चोरानं माझं घर विकून खाल्लं असतं. शेवटी एका पोरीनं कार्ड बंद केलं आणि शाखेत जायला सांगितलं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तशीच गणवेशात गेले.

बँकेतला साहेब चष्मेवाला, बोलायला मऊ. म्हणाला, "मॅडम, पिन बरोबर टाकलाय. पहिल्याच फटक्यात. चोराला पिन कसा कळला?"

"मला काय विचारता? त्याला विचारा!" मी काउंटरवर असा हात आपटला की शिक्क्याचं पॅड खाली पडलं. त्यानं ते उचललं, पुसलं आणि एक फॉर्म पुढं केला. कार्ड कधी हरवलं, पिन कुणाला सांगितला होता का, असं बरंच काही. खाली एक रकाना होता: कोणावर संशय असल्यास नाव.

"पोलिसांत तक्रार द्या, तिची नक्कल जोडा," तो म्हणाला. "कॅमेऱ्याचं काही सांगता येत न्हाई, या उन्हात प्रत्येकाचं तोंड रुमालानं बांधलेलं. अनोळखी चोर असला तर आम्ही वर पाठवून बघू. पण मॅडम, घरातला माणूस निघाला तर पैसे विसरा."

"माझ्या घरात चोर न्हाईत," मी ठणकावून सांगितलं आणि बाहेर पडले.

घरी आले तर नवरा कॉटवर लोळत मोबाईल बघून राह्यला होता. सासू देवापुढं वाती वळत होती. घसा कोरडा पडलेला, म्हणून सरळ आत गेले, पितळी तांब्या उचलला, भरला. माझ्या मामानं लग्नात दिलेला तांब्या. तोंडाला लावणार तेवढ्यात त्याच्यावरची अक्षरं दिसली. चौदा वर्षं रोज दिसतात ती, पण त्या दिवशी वाचली. त्याचं नाव, माझं नाव, शुभविवाह, मामांकडून सप्रेम भेट. आणि तारीख.

कार्डाला पिन ठेवायची वेळ आली तेव्हा मी लग्नाची तारीख ठेवली होती. दिवसाचे दोन आकडे, महिन्याचे दोन. कुणाला म्हणून सांगितला न्हाई, कागदावर लिहिला न्हाई. किती हुशार मी! घरातल्या प्रत्येक ताटावर, वाटीवर, परातीवर माझा पिन कोरून ठेवलेला होता आणि आम्ही त्यात रोज वरण-भात कालवून खात होतो.

तांब्या तसाच हातात घेऊन मी बाहेर आले.

"अहो, कार्ड कुठंय?"

"कुठलं कार्ड?"

"अरे, कार्ड कुठंय?"

चौदा वर्षं ज्या माणसाला अहो म्हटलं त्याला मी त्या घडीला अरे म्हटलं. कार्ड राहिलं बाजूला, त्याला हेच झोंबलं. उठला आणि पहिली चपराक दिली. तो पहिल्यांदा मारून राह्यला होता असं समजू नका. आमच्याकडं ते होतं, मधूनमधून, आणि मी गप बसायचे. मी, जी वार्डात डॉक्टरांनाही ऐकवते!

त्यानं शर्टाच्या खिशातून कार्ड काढलं आणि माझ्या पायाशी फेकलं. "घे. बायकोचं कार्ड नवऱ्यानं वापरलं तर चोरी होती का?"

"पैसे कुठं गेले?"

"तुला हिशोब द्यायचा का मी आता?" त्या दिवशी हे, नंतर म्हणाला दोस्ताला दिले, त्यानंतर म्हणाला जागेचा इसार दिला. ते कुठं गेले मला आजतागायत कळलेलं न्हाई.

"मी पोलिसांत चालले," मी म्हटलं.

त्यानं माझ्या हातातला तांब्या हिसकला आणि डोक्यात घातला. पाणी आणि रक्त एकदमच डोळ्यांत आलं. भिंतीला टेकले. तो पुन्हा हात उगारतोय हे मला अंधुक दिसलं, आणि मी त्याच्या दंडाला चावले. कचकन. तांब्या पडला. तो मी उचलला आणि ज्या हातानं त्यानं मारलं त्याच हाताच्या मनगटावर हाणला. एकदा न्हाई, दोनदा. दुसऱ्या वेळी हाडाचा आवाज आला. तो आवाज मी ओळखते, त्यात चूक होत न्हाई.

वाईट वाटलं का? खोटं कशाला बोलू, बिलकुल न्हाई वाटलं. तो खाली बसून ओरडत होता आणि मी तिसऱ्यांदा हात उचलला होता, डोक्यावर नेम धरून. सासू मधे पडली म्हणून वाचला. कुठं मारल्यावर माणूस उठत न्हाई ते मला शिकवलेलं आहे. त्या एका क्षणाची मला अजून भीती वाटते, नवऱ्यापेक्षा माझीच मला जास्त.

"अगं नवऱ्यावर हात टाकती?" सासू छाती बडवत होती. "काय म्हणतील लोकं!"

डोक्याला ओढणी दाबून मी चालत निघाले. रस्त्यात लोक बाजूला होऊन राह्यले होते. रक्तामुळं असेल असं वाटलं. दवाखान्याच्या पायरीवर कळलं की तांब्या अजून माझ्या हातातच होता.

ड्युटीवरच्या नव्या डॉक्टरणीनं टाके घातले. पाच. मंग रजिस्टर ओढलं आणि विचारलं, "सिस्टर, कारण काय लिहू?"

आणि माझ्या तोंडून काय निघावं? "न्हाणीत पाय घसरला."

अरे देवा! हेच वाक्य त्याच रजिस्टरात मी किती बायकांचं लिहून घेतलं असेल. कुणाचा ओठ फाटलेला, कुणाचा कान सुजलेला, आणि सगळ्यांची न्हाणी निसरडी. मी मान न वर करता लिहायचे आणि म्हणायचे, जरा बघून चालत जा गं.

खालांनी मलमपट्टी बांधली. हळूच म्हणाल्या, "न्हानी कू हात रहते क्या बेटी?" त्या तांब्या धुवायला घेऊन चालल्या होत्या, तेवढा मात्र मी परत घेतला.

त्या दिवशी मी खालांच्याच घरी राहिले. संध्याकाळी सासू माझी घरी राहिलेली पिशवी घेऊन तिथं आली, वर बँकेचा फॉर्म ठेवलेला. नवऱ्याच्या हाताला प्लास्टर घातलंय आणि त्यानं सगळ्यांना गाडीवरून पडलो म्हणून सांगितलंय, असं म्हणाली. म्हणजे एका घरात एकाच दिवशी एक न्हाणीत पडली आणि एक गाडीवरून! मला हसू आलं, टाके ताणले.

सासूनं माझे पाय धरले. "अनोळखी चोर लिही. पैसे बी येतील, घर बी राहील. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं गं बाई."

लग्नात याच बाईनं उंबऱ्यावर मला अडवलं होतं. सोबत साऱ्या जावा, नणंदा. "नाव घे, मंगच आत!" मी लाजत लाजत दोन ओळींचा उखाणा जुळवून त्याचं नाव घेतलं तेव्हा कुठं वाट दिली. त्यानंतर ते नाव कधी घेतलं न्हाई. हे, अहो, आमच्या घरचे. तेव्हा नाव घेतल्याशिवाय घरात घेत नव्हत्या, आणि आता नाव घेतलं तर घराबाहेर.

मला मोह झाला न्हाई असं न्हाई. दीड पगार म्हणजे खेळ न्हाई. अनोळखी चोर, दोन शब्द लिहायचे. एक खोटं मी रजिस्टरात लिहवूनच आले होते, त्यात आणखी एक. सासूला म्हटलं, उद्या बघते.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेले, मलमपट्टीच्या खोलीत. पहिलीच केस, जवळच्या खेड्यातली नवी नवरी. हातातला हिरवा चुडा अर्धा फुटलेला, त्याच्या काचा मनगटात घुसलेल्या, एक डोळा बंद. सोबत सासू. मी पेन उघडून विचारलं, "काय झालं?"

"न्हाणीत पडली," सासूनं सांगितलं.

पोरगी माझ्या कपाळावरच्या पट्टीकडं बघून राह्यली होती, उघड्या असलेल्या एका डोळ्यानं. मंग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "सिस्टर, तुम्ही बी न्हाणीत?"

मी पेन बंद केलं. तिच्या सासूला दंडाला धरून खोलीबाहेर काढलं, दार लावलं, पोरीच्या हातातल्या काचा एकेक करून वेचल्या. "न्हाई गं," तिला म्हटलं. "मला माझ्या नवऱ्यानं मारलं." तिनं हुंदका दिला आणि मीही रडले. तिला खालांच्या हवाली केलं, पिशवी उचलली आणि पोलीस ठाण्यात गेले.

आधीच सांगते, ते पैसे मला परत मिळाले न्हाईत. बँकेनं हात वर केले. हप्ते मी अजून भरून राह्यले, आणि त्या घरात राहत न्हाई.

ठाण्यात एक बाई शिपाई होती, माझ्यापेक्षा लहान. तिचं बाळंतपण मीच केलेलं. तिनं सगळं लिहून घेतलं, कार्ड, एटीएम, तीन वेळा रोख. संशयितापाशी आल्यावर थांबली. माझ्या पट्टीकडं बघितलं.

"अज्ञात इसम लिहू, का कुणाचं नाव घेताय?"

खरंच सांगते, तांब्या बसला तेव्हा एवढी भ्याले नव्हते.

"नाव घ्या की, सिस्टर."

मी नाव घेतलं. त्याचं, त्याच्या बापाचं, आडनाव. मोठ्यानं, बाकावर बसलेल्या माणसांना ऐकू जाईल एवढ्यानं. उखाणा न्हाई, लाजणं न्हाई.

"पुन्हा सांगा, बराबर लिहिते," ती म्हणाली.

पुन्हा सांगायचं बळ माझ्यात नव्हतं. पिशवीतून तांब्या काढला, काठावरचं रक्त वाळून काळं झालं होतं, आणि नाव टाकलेली बाजू तिच्याकडं करून टेबलावर ठेवला. तिनं त्यावर बघून बघून ते कागदावर उतरवून घेतलं.