मामा समुद्र दाखवतात

घरातून न हलता सर्वांत जास्त प्रवास कुणी केला, असं मला कुणी विचारलं, तर मी क्षणाचाही विचार न करता माझ्या बायकोच्या मामांकडे बोट दाखवीन. मामा मूळचे अकोल्याचे, रेल्वेत नोकरीला. बदल्या होत होत जयपूरला आले आणि दुर्गापुऱ्यात घर करून राहिले. माझी बँकेतली बदली जयपूरला झाली तेव्हा आमच्यासाठी मागच्याच गल्लीत घर त्यांनी शोधलं, सामान त्यांनी उतरवून घेतलं, आणि त्याच संध्याकाळी 'जावईबापू, दिवाळीत तुम्ही आमच्यासोबत उटीला येऊन राहिले न?' असं विचारून मला आपल्या सहलींत ओढलं. मी हो म्हणालो. तेव्हा मला माहीत नव्हतं, की मामांच्या सहलीत उटी हा अगदीच किरकोळ भाग असतो. खरी सहल म्हणजे तयारी. एकदा मी सकाळी त्यांच्याकडे गेलो, तर मामी कपाटाला टेकवलेल्या शिडीवर, मान वाकवून, पोहे खात बसल्या होत्या. 'वरच्या बर्थची सवय करून राहिले,' त्या शांतपणे म्हणाल्या. खाली मामा शिडी हलवून गाडीचे धक्के देत होते. पोहे सांडले, तेव्हा त्यांनी समाधानाने मान डोलावली. 'पाहा, हे आत्ताच कळलं ते बरं झालं. आता पोहे रद्द. दशम्या.'

इतकी तयारी झाल्यावर प्रत्यक्ष जाणं मामांना जरा उथळपणाचं वाटत असावं. कारण ऐन वेळी काहीतरी निघायचंच. उटीला म्हणे पाऊस होता. शिमल्याचं ठरलं, तर तिथे बर्फ पडला. 'बर्फात काय पाहायचं, बापा? सगळं झाकलेलं असते!' काशीला जायचं, तर मथुरेपुढे धुकं. अशा रीतीने दर सुट्टीत आम्ही भरलेल्या बॅगा रिकाम्या करत मामांच्या अंगणात दशम्या खाल्लेल्या आहेत. मजा म्हणजे त्या दशम्या खाताना मामा त्या त्या गावाचं असं रसाळ वर्णन करत, की बायकोच्या एका मैत्रिणीला आम्ही खरंच काशीला जाऊन आलो असं आजही वाटतं.

मामी यावर कधी चिडत नसत. त्यांची मागणी एकच होती. त्यांना समुद्र पाहायचा होता. माहेर अकोल्याचं, सासर अकोल्याचं, नोकरीचं गाव जयपूर. नशिबाने त्यांना समुद्रापासून जपून ठेवलं होतं. टीव्हीवर लाटा दिसल्या की त्या हातात लाटणं तसंच धरून स्वयंपाकघरातून बाहेर येत, लाटा संपल्या की आत जात. दोन हजार नऊ साली त्यांच्या मुलीचं, नेहाचं, लग्न ठरलं. फेब्रुवारीत ती सासरी जाणार होती. तेव्हा मामी पहिल्यांदा ठामपणे म्हणाल्या, 'अहो, पोरगी घरातून जायच्या आधी तिघांनी मिळून समुद्र पाहू. नंतर पाहिला काय आणि न पाहिला काय.' मामांनी त्याच दिवशी डिसेंबरच्या सुट्टीत गुहागर नक्की केलं. तिथल्या एका घरगुती खानावळीत खोल्या सांगितल्या, आणि आम्हा दोघांनाही सोबत धरलं.

पण त्याच वर्षी स्वाइन फ्लू आला. आधी तो पुण्यात वाढला, शाळा बंद झाल्या. बायकोची पुण्याची धाकटी मावशी, म्हणजे मामांची सख्खी बहीण, फोनवर म्हणाली, 'दादा, मुलांना सुट्टीच आहे, तर जयपूरला येतो.' मामांनी फोन कानापासून हातभर लांब धरला आणि ओरडून सांगितलं, 'तिकडेच राहा! मोकळी हवा खा! इकडे काही नाही पाहण्यासारखं!' हवामहालाच्या शहरात राहणारा माणूस हे बोलत होता. फोन ठेवल्यावर त्यांनी रिसीव्हर साबणाच्या पाण्याने असा पुसला, की तो पुढे दोन दिवस बंद पडला.

डिसेंबरात जयपूरची पाळी आली. शाळांच्या सुट्ट्या अलीकडे ओढल्या, चारदीवारीतल्या, म्हणजे तटाआतल्या जुन्या शहरातल्या, बाजारात लोक रुमाल बांधून फिरू लागले. दुसरा कुणी असता तर त्याने सहल रद्द केली असती. मामांनी, आयुष्यात प्रथमच, सहल वाचवायला कंबर कसली. आम्हा सर्वांच्या गळ्यात कापूर-वेलचीची पुरचुंडी बांधली. त्यामुळे आमच्या बँकेच्या काउंटरवर देवळात आल्यासारखं वाटे, आणि एक म्हातारे गिऱ्हाईक पासबुक घेताना मला नमस्कार करू लागले. सकाळ-संध्याकाळ गुळवेलीचा काढा. दूधवाल्या भैयाने फाटकाबाहेरूनच दूध ओतायचं, मामा आतून बांबूला बांधलेलं पातेलं पुढे धरणार. भैया म्हणायचा, 'बाबूजी, थोड़ा बाएँ,' मामा उजवीकडे नेत. त्या दिवसांत गल्लीतलं कुत्रं चांगलंच बाळसेदार झालं. आणि सर्वांत कडक नियम म्हणजे, जो शिंकेल तो सहलीतून बाद. मी पहिल्याच संध्याकाळी बाद झालो. मामींनी मिरचीची फोडणी घातली होती.

'बाबा, मतलब मिरचीने पण स्वाइन फ्लू होतो का?' नेहाने विचारलं.

'सुरुवात तशीच असते,' मामा नाकावरचा पंचा घट्ट करत म्हणाले.

मग बायको बाद झाली, मग नेहा. शेवटी मामी एकट्याच उरल्या, कारण त्यांनी शिंक गिळायची कला साधली होती. हे असं चाललं तर गुहागरला मामींना एकट्यांनाच पाठवावं लागेल, हे लक्षात आल्यावर मामांनी सर्वांना माफी दिली.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही सगळे बॅगा बांधत असताना गुहागरहून फोन आला. खानावळीचा मालक फार मऊ बोलत होता, पण मामा फोन लांब धरत असल्यामुळे आम्हालाही स्पष्ट ऐकू आलं. 'काका, राग मानू नका. तुम्ही जयपूरचे ना? टीव्हीवर सारखं दाखवतायत. घरात म्हातारी आई आहे हो माझी. पुढच्या वर्षी या, हक्काने या.'

आजवरच्या साऱ्या सहली मामांनी स्वतः मोडल्या होत्या. दुसऱ्या कुणी मोडलेली ही पहिलीच. ते बॅगेवर बसले. 'मी शिंकलोसुद्धा नाही,' एवढंच म्हणाले. मग त्यांनी पुण्याला फोन लावला. 'अगं, ऑगस्टात मी तुले येऊ नको म्हटलं होतं न... चुकलं माझं. तेव्हा कसं वाटलं असेल ते आज समजून राहिलं.' पलीकडून मावशी काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, कारण या वेळी मामांनी फोन कानाला अगदी चिकटवून धरला होता.

मामींनी वाळूत घालायला म्हणून बापू बाजारातून आणलेल्या रबरी चपला बॅगेतून काढल्या, पुन्हा कागदात गुंडाळल्या आणि कपाटात वर ठेवल्या. ते पाहून मामा उठून बाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात भाड्याची जीप उभी. पुढे मामा, मागे मामी आणि नेहा.

'जावईबापू, बसा. समुद्राला चाललो.'

'कुठल्या?'

'बसा तर खरं!'

रेल्वेचा माणूस प्रथमच रस्त्याने निघाला होता, आणि हवा खेळती राहावी म्हणून जीपच्या साऱ्या खिडक्या उघड्या होत्या. डिसेंबरातली जयपूरची थंडी. फुलेरा गाव येईपर्यंत आम्ही पाचही जण आणि वर ड्रायव्हर शिंकत होतो. कुणी कुणाला बाद केलं नाही. मामांनी स्वतः लागोपाठ अशा शिंका दिल्या, की त्यांचा पंचा उडून मागच्या सीटवर आला.

जीप थांबली ती सांभरच्या मिठाच्या तलावाशी. पावसाने त्या वर्षी दगा दिला होता. समोर क्षितिजापर्यंत पांढरीशुभ्र मिठाची जमीन, आणि खूप आत चकाकणारी पाण्याची पातळ रेघ. मिठागराचा रखवालदार काठी टेकत आला. 'किसे ढूंढ रहे हो, साहब?'

'समुंदर देखने आए हैं,' मामा म्हणाले.

त्याने आमच्याकडे पाहिलं, पाण्याच्या रेघेकडे पाहिलं. 'वो तो अभी थोड़ा दूर है.'

'ओहोटी आहे,' मामांनी आम्हाला समजावलं.

मामींनी कागदातून रबरी चपला काढल्या. नेहाने त्या सकाळी कपाटातून गुपचूप बरोबर घेतल्या होत्या. पण चपला हातातच ठेवून मामी अनवाणी चालू लागल्या. पायाखाली मीठ पापडासारखं कुरकुरत होतं. पाणी लागलं तेव्हा ते घोट्याइतकंही नव्हतं. दूरवर गुलाबी पक्ष्यांची एक रांग उभी होती. मामींनी वाकून बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि लहान मुलीसारख्या ओरडल्या, 'अहो! खारट आहे!'

'मग? मी तुला काय गोड समुद्र दाखवीन का?' मामा म्हणाले.

नेहा आईच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी राहिली. मामा त्यांच्या दुसऱ्या बाजूला. किती तरी वेळ तिघं तशीच, एका ओळीत. आम्ही दोघं मागे राहिलो.

मग मामींनी विचारलं, 'पलीकडे काय आहे हो?'

पलीकडे नावा हे गाव आहे, त्यापुढे कुचामन. मामांना त्या मार्गावरची सगळी स्टेशनं झोपेतही म्हणता आली असती. त्यांनी डोळे बारीक केले, हाताची सावली कपाळावर धरली आणि म्हणाले, 'पलीकडे? अरबस्तान.'

नेहाने तोंड उघडलं आणि मिटलं. मामींनी मामांकडे एकदा निरखून पाहिलं, मग पाण्याकडे. 'हाव,' त्या मान डोलावून म्हणाल्या. 'उंट दिसून राहिले.'

फेब्रुवारीत नेहा सासरी गेली. माझी बदली झाली, मामा निवृत्त होऊन अकोल्याला परतले. फोन होत राहिले, ते कमी कमी होत गेले. मध्यंतरी कळलं, की नेहा आणि तिच्या नवऱ्याने दोघांना अखेर गुहागरला नेलं आहे, मामांना तयारीला वेळच दिला नाही. मी लगेच फोन लावला. मामींनी उचलला. मागे लाटांचा गडगडाट चालू होता, त्यातून त्यांना मोठ्याने बोलावं लागत होतं.

'कसा आहे समुद्र, मामी?'

'चांगला आहे,' त्या म्हणाल्या. 'पण आवाज लई करते बापा. आपला वाला शांत होता.'