शालिनीसाठी प्रार्थना

प्रार्थनेत एखादा डोळा किलकिला उघडा दिसला की मला कॉलेजातली शालिनी आठवते. आमचं मिशनचं छोटं कॉलेज, सगळे म्हणे एक कुटुंब. वडिलांच्या दारूबद्दल तिने फक्त हॉस्टेलच्या मॅडमना सांगितलं होतं. दुसऱ्या सकाळी उपासनेत मॅडम कळवळून म्हणाल्या, "आपल्या शालिनीच्या पप्पांची दारू सुटावी म्हणून प्रार्थना करू या." सगळ्यांच्या माना खाली गेल्या आणि डोळे हळूच तिच्याकडे वळले. मायेनेच उघडं पाडलं की माणसाला रागावताही येत नाही.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी तिथेच विचारलं, "शालिनी, घरी कसं आहे आता?"

"सगळं छान आहे, मॅडम."

मग आमची प्रार्थना ऐकल्याबद्दल आम्ही उभं राहून देवाचे आभार मानले.